सोनोग्राफीचा पहिला कागद

छत्तीसगडमधल्या जामुलच्या सिमेंट कारखान्यात किंवा शेजारच्या भिलाईत नोकरी करणाऱ्या एखाद्या मराठी घरातली सून पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी, समजा नागपूरला, जाते. तिथे नव्याने सोनोग्राफी होते आणि प्रसूतीची तारीख भिलाईच्या कागदापेक्षा बारा दिवस पुढची निघते. आधीचे मशीन चुकले, असे घरात कोणाला वाटते. बाळाची वाढ खुंटली, अशी धास्ती कोणी घेते. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. तारीख का बदलली हे कळायचे, तर मशीन नेमके काय मोजते ते आधी पाहायला हवे.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. कानाला ऐकू न येणारा, अतिशय उच्च कंप्रतेचा ध्वनी पोटातून पाठवला जातो. शरीराच्या मऊ भागांतून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो आणि जिथे ऊतींचा थर बदलतो तिथून परततो. परतायला लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढते आणि चित्र उभे करते. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये या पद्धतीवरचा पहिला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे यंत्राला ठाऊक असते ते अंतर. वय, वजन आणि तारीख या त्या अंतरावरून केलेल्या गणिती अटकळी असतात.

हे गणित तक्त्यांवर चालते. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची डोक्यापासून नितंबापर्यंतची लांबी मोजतात. कागदावर तिला सीआरएल म्हणतात. त्या काळात बहुतेक सगळे गर्भ जवळपास एकाच गतीने वाढतात, त्यामुळे या लांबीवरून काढलेली तारीख पाच-सात दिवसांपलीकडे सहसा चुकत नाही. पुढे डोक्याची रुंदी म्हणजे बीपीडी, डोक्याचा घेर म्हणजे एचसी, पोटाचा घेर म्हणजे एसी आणि मांडीच्या हाडाची लांबी म्हणजे एफएल अशी मापे येतात. पण तोवर आई-वडिलांची चण, आईचे पोषण, रक्तदाब आणि वारेचे काम यांचा परिणाम वाढीवर दिसू लागलेला असतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर या मापांवरून काढलेली तारीख तीन आठवड्यांपर्यंत इकडे-तिकडे होऊ शकते.

म्हणून पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीने एकदा ठरलेली तारीख नंतर बदलायची नसते. नागपूरचा कागद नवी तारीख देत नाही. बाळाचे आकारमान आज सरासरी किती आठवड्यांच्या बाळाएवढे आहे, एवढेच सांगतो. बारा दिवसांचा फरक मुळात लहान चणीचा असू शकतो किंवा वाढ मंदावल्याचाही असू शकतो. त्याचा उलगडा तारखेतून होत नाही. पोटाचा घेर, नाळेतला रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा घेतलेली मापे यांतून तो होतो. आणि ही तुलना करायला पहिला कागद हाताशी लागतो. तोच जामुलच्या कपाटात राहिला, तर नागपूरच्या डॉक्टरला ठोस आधाराशिवाय अंदाज बांधावा लागतो.

वजनाचेही तसेच. १२०० ग्रॅम असे छापलेले असते, पण त्यात १० ते १५ टक्के चूक गृहीत धरतात. खरे वजन १०५० असेल किंवा १३५० असेल. काही शब्द उगाच धडकी भरवतात. विसाव्या आठवड्यात वार खाली आहे असे लिहिले, तर बहुतेक स्त्रियांत गर्भाशय वाढते तशी ती वर सरकते. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहायचे असते. सातव्या महिन्यात पायाळू असलेली बहुतेक बाळे पुढे आपण होऊन डोके खाली करतात. मानेभोवती नाळेचा वेढा तर अनेक सुखरूप जन्मांत आढळतो.

उलट, कागद निर्धोक असला म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्हीकडे सिकलसेलचा आजार मोठा आहे आणि तो सोनोग्राफीत दिसत नाही. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ते कळते रक्ताच्या तपासणीने, आणि ती लवकर करावी लागते.

व्यंग शोधणारी मुख्य सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत करतात. ती वेळेवर होण्याला कायद्याचेही कारण आहे. २००८ मध्ये बाळाच्या हृदयात दोष आढळलेले मुंबईतील एक दांपत्य गर्भपाताच्या परवानगीसाठी उच्च न्यायालयात गेले. तेव्हाची वीस आठवड्यांची मर्यादा उलटली होती. परवानगी मिळाली नाही. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी ही मर्यादा चोवीस आठवड्यांची केली आणि गंभीर व्यंग असल्यास निर्णय वैद्यकीय मंडळाकडे सोपवला. तरी उशिरा कळल्याने जाणारा वेळ कोणताच कायदा परत देत नाही.

आता मुद्द्याचे. सोनोग्राफी करणारा डॉक्टर बहुधा उपचार करणारा डॉक्टर नसतो. खोलीत अंधार असतो, पडदा त्याच्याकडे वळलेला असतो आणि बाई विचारते ते प्रश्न अनुत्तरित राहतात. या मौनासाठी कायद्याकडे बोट दाखवले जाते. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने केला. शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे लिंग सांगणे त्याने गुन्हा ठरवले. ही कडक बंदी आवश्यक आहे आणि ती तशीच राहायला हवी. पण बंदी लिंग सांगण्यावर आहे. बाळाची वाढ, वारेची जागा, गर्भजल, तारखेतली चुकीची शक्यता यांविषयी बोलण्यावर कायद्यात एकही शब्द नाही. त्या मौनाला कायद्याचा आधार देणे चूक आहे.

लिंग पाहिले नाही व सांगितले नाही, हे डॉक्टर प्रत्येक कागदावर लिहून देतो. त्याच कागदावर आणखी दोन ओळी हव्यात, हिंदीत किंवा मराठीत: प्रसूतीची तारीख कोणत्या सोनोग्राफीवरून ठरली आणि पुढची तपासणी केव्हा व कशासाठी. जामुलहून माहेरी निघणाऱ्या बाईला त्या स्वतः वाचता येतील आणि नागपुरात पुढच्या डॉक्टरसमोर ठेवता येतील.