आमवात इथला, परीक्षाही इथलीच हवी

शिरूर-दौंड पट्ट्यात ऐन कांदाकाढणीत एखाद्या माउलीची पहाटे मूठ वळत नाही, तेव्हा ‘वय झाले’ म्हणून तिला गप्प केले जाते. वास्तविक तो आमवात असू शकतो. त्यावरील मेथोट्रेक्सेट हे प्रमुख औषध आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. ते सर्वांनाच लागू पडते असे नाही आणि हे कळायलाच दोन-तीन महिने लोटतात. तोवर सांध्यांची हानी होत राहते, मजुरीही बुडते.

औषध कोणाला लागू पडेल, हे जनुकांवरून आधीच ओळखण्याचा प्रयत्न जगभर चालू आहे. त्यासाठी एमटीएचएफआर जनुकातील फरक तपासले गेले. परंतु एका लोकसमूहातील निष्कर्ष दुसऱ्यात अनेकदा टिकले नाहीत. मग परदेशी चाचणी आपल्या रुग्णांवर डोळे मिटून कशी लादायची?

पाया आपल्याकडेच आहे. दौंडच्या पुढे, भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पाहणी केली. दोनशे प्रौढांमागे सुमारे एकास आमवात आढळला. २००५ मध्ये डॉ. भूषण पटवर्धन, कल्पना जोशी आणि चोप्रा यांनी वात-पित्त-कफ प्रकृतीचा आमवाताशी निगडित एचएलए-डीआरबी१ जनुकाशी असलेला संबंध ७६ व्यक्तींत तपासला. हा आरंभ होय, सिद्धता नव्हे. नुसत्या पूर्वजांच्या अभिमानाने कोणाची मूठ वळत नाही.

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांतून आमवाताच्या रुग्णांची प्रकृती, जनुके आणि औषधाचा गुण यांची एकत्रित नोंद शासनाने व विद्यापीठाने आता सुरू करावी. त्या माउलीचे तीन महिने वाचविण्याचा दुसरा मार्ग नाही.