अंगणातली भट्टी

मुलगा अमेरिकेहून सुटीवर आला की त्याच्या सामानाबरोबर त्याचे नवे छंदही येतात. घरामागच्या अंगणात गॅसची तिपाई भट्टी मांडायची, तिच्यावर वीस-पंचवीस लिटरचे पातेले चढवायचे आणि घरच्या घरी बिअर करायची, हा अलीकडे बराच बोकाळलेला छंद. जबलपूरच्या जुन्या मराठी घरांना अजून अंगण नाही तरी ऐसपैस गच्ची असतेच. भट्टी आणि पातेले बाजारात स्वस्तात मिळते. तेव्हा, "आई, आपणही करू या ना!" हा हट्ट आलाच म्हणून समजा.

या हट्टाला सरळ "नाही" म्हणा, आणि कारणही सांगा. अमेरिकेत घरी बिअर करण्याला केंद्र सरकारची मोकळीक १९७८ च्या कायद्याने मिळाली. इंग्लंडमध्ये १९६३ साली त्यासाठीचा परवाना रद्द झाला. आपल्याकडे मद्य हा राज्यांचा विषय. मध्य प्रदेशात १९१५ चा अबकारी कायदा चालतो आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे त्यात गुन्हा आहे. "विकणार नाही, घरीच पिऊ" ही सबब तिथे ऐकली जात नाही. मंडला-दिंडोरीकडच्या गोंड कुटुंबांत मोहाची फुले आंबवून दारू गाळतात, हे मुलगा तुम्हाला ऐकवेल. ते खरे आहे. आदिवासींना घरच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत ती मुभा आहे, कारण त्यांच्या देवकार्यात आणि लग्नकार्यात तिला स्थान आहे. शहरातल्या गच्चीला ती लागू होत नाही.

शिवाय जबलपूरची हवा! बिअरसाठी मोड आणून वाळवलेले जव कढत पाण्यात तासभर मुरवतात, ते पाणी हॉप्सच्या फुलांबरोबर आणखी तासभर उकळतात, निववतात आणि यीस्ट घालून आठ-पंधरा दिवस आंबवतात. ते आंबवणे बहुधा अठरा-वीस अंशांवर चांगले होते. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की त्या पिंपाचे काय होईल ते सांगायला नको.

पण भट्टीचा विचार मात्र सोडू नका. धान्य भिजवणे, आंबवणे आणि मोठ्या पातेल्यात शिजवणे आपल्या बायकांना नवे आहे का? कुरडयांचा चीक म्हणजे दुसरे काय? गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा, वरची निवळ ओतायची आणि मीठ-हिंगाच्या उकळत्या पाण्यात तो शिजवायचा. पाच किलो गव्हाचा चीक स्वयंपाकघरातल्या शेगडीवर शिजवणे ही शिक्षाच आहे. वीस लिटर पाणी तिथे खळखळायला तासाहून जास्त वेळ लागतो, आणि पातेल्यासकट चोवीस-पंचवीस किलोंचे ओझे त्या नाजूक स्टँडवर ठेवायचे म्हणजे जिवाला घोर. भट्टीवर हेच पाणी अर्ध्या तासात उकळते. गॅस लागतो तीनशे ग्रॅमच्या आसपास.

मात्र स्वस्त भट्टीची आच मधोमध एकवटते. म्हणून पाणी भरपूर आचेवर उकळा आणि चीक ओतण्याआधी आच अगदी मंद करा, नाहीतर मधला भाग करपेल आणि कडेला गुठळ्या राहतील. पातेले जाड बुडाचे घ्या. पातळ स्टीलचे दिसायला छान, पण चीक हमखास लागतो. ॲल्युमिनियमचे चालेल, फक्त शिजल्यावर आंबूस चीक त्यात राहू देऊ नका. घोटायला लांब दांड्याचा कलथा मुलाच्या हाती द्या, अमेरिकेतला सराव कामी येईल!

आता पैशांची काटकसर कुठे करायची नाही ते सांगते. भट्ट्या दोन जातींच्या असतात. काहींना घरच्या रेग्युलेटरचा मंद दाब पुरतो. काहींना जास्त दाबाचा वेगळा रेग्युलेटर लागतो, आणि त्या घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरला जोडायच्या नसतात. दुकानदार "चालतं हो" म्हणाला तरी गॅस एजन्सीत विचारा. कुरडयांच्या ऑर्डरी घेणार असाल तर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच हवा, कारण घरगुती गॅस धंद्याला वापरता येत नाही. मुलाने परदेशातून भट्टी आणलीच असेल, तर तिचे तोंड आपल्या सिलिंडरला बसत नाही. जुगाड करून बसवू नका.

आपला गॅस प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण आहे. दोन्ही हवेपेक्षा जड, म्हणून गळाले तर ते खाली साचतात. भट्टी उघड्यावरच हवी. तळघर, जिन्याखालची जागा आणि बंद व्हरांडा नको. सिलिंडर उभा, भट्टीपासून पाइप पुरेल तितका दूर आणि वारा येतो त्या बाजूला ठेवा, म्हणजे ज्वाला त्याच्याकडे झुकणार नाही. वाऱ्याला अडसर म्हणून भट्टीभोवती पत्रे लावले तरी सिलिंडर त्या आडोशाच्या बाहेर राहू द्या. पेटवण्याआधी जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. थंडीत सकाळी मोठ्या आचेवर सिलिंडर गार पडून ज्योत मंदावते. अशा वेळी त्याला गरम पाण्याने किंवा शेकोटीने ऊब देणे म्हणजे संकटाला आमंत्रण. थोडा वेळ आच कमी करा. गळती झालीच तर १९०६ या क्रमांकावर मदत मिळते.

उकळते पातेले उचलून नेऊ नका, मग घेऊन पाणी काढा. पदर खोचून घ्या, आणि मुलांना अंगणात फिरकू देऊ नका.

काम संपल्यावर आधी सिलिंडर बंद करा, पाइपमधला उरलेला गॅस जळून जाऊ द्या. बिडाची भट्टी पुसून तेलाचा हात फिरवा, पावसाळ्यात गंजणार नाही. तिच्या नळीच्या तोंडाला फडके बांधायला विसरू नका. आत कोळी जाळे विणतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात ज्योत पिवळी होऊन मागे, नळीत पेटते.