उन्हातला पतंग

पतंग म्हटला की दिव्यावर झेपावून जळणारा तो वेडाच आपल्या डोळ्यांपुढे येतो. मला मात्र कौतुक वाटते ते मध्य युरोपातल्या कोरड्या गवताळ माळावरच्या एका शहाण्या पतंगाचे. नाव झायगीना कार्निओलिका. हे महाशय ऐन उन्हाळ्यात, भर दिवसा, जांभळ्या फुलांवर खुशाल मध पीत बसतात. निळसर काळे पंख, त्यांवर पांढऱ्या किनारीचे तांबडे ठिपके. असला भडक पोशाख, आणि लपण्याचे नाव नाही! कारण अंगात सायनाइड. १७६३ साली स्कोपोलीने त्याचे वर्णन केले. (हा गृहस्थ इद्रियाच्या पाऱ्याच्या खाणीवरचा डॉक्टर. विषाशी गाठ तिथेही होतीच.) पुढे संग्राहक किडे मारायला सायनाइडची बाटली वापरू लागले, तर या कुळातले पतंग तीत कितीतरी वेळ तग धरून राहात!

असला गडी हार खातो तो मेंढ्या गेल्या म्हणून. चरणे थांबले की माळावर झुडपे माजतात आणि अळीचे खाद्य असलेली शेंगवर्गी रोपटी त्यांच्या सावलीत गुदमरतात. म्हणून आता कित्येक माळांवर मुद्दाम मेंढ्या आणून चारतात. तेही बेताने, कारण सगळीच फुले मेंढ्यांनी खाल्ली तर पतंगाने जेवायचे कुठे?