डॉक्टरांच्या वादात पेशंट कुठे आहे?

होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी 'सीसीएमपी' हा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स केला, तर त्यांना ॲलोपॅथीची औषधं देता यावीत, असा कायदा राज्याने २०१४ साली केला. इंडियन मेडिकल असोसिएशन त्याविरुद्ध हायकोर्टात गेली. २०२५ मध्ये या डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी करण्याचा आदेश निघाला, तेव्हा असोसिएशनने १८ सप्टेंबरला एक दिवसाचा संप केला.

त्यांचा सवाल रास्त आहे: एमबीबीएसची जागा एका वर्षाचा कोर्स कशी घेणार? होमिओपॅथ म्हणतात, खेड्यात आम्हीच असतो. तेही खोटं नाही. मालवण किनाऱ्यावरच्या आपल्या मोहल्ल्यात रात्री ताप चढला, तर जो दवाखाना जवळ तोच आपला. मोठ्या इलाजासाठी ओरोस, नाहीतर थेट गोव्यात बांबोळी.

भांडण त्यांचं, जीव आपला. निकाल काहीही लागो, आपण डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी विचारू, चिठ्ठी जपून ठेवू. विचारणं ही बेअदबी नव्हे, हक आहे. आणि सरकारलाही विचारू: गावात एमबीबीएस डॉक्टर टिकावेत म्हणून तुम्ही काय करताय?