अकरा महिन्यांचा करार, बारा वर्षांचा कुत्रा

पुण्यातल्या भाडेकरूंनो, घरमालकांनो, आणि दोघांच्या मधल्या एजंट मंडळींनो,

ही लपवाछपवी आता पुरे.

जाहिरातीत ‘फॅमिली, व्हेज, नो पेट्स’ छापलेलं असतं. भाडेकरू मान डोलावतो, डिपॉझिट भरतो, आणि सामान लागल्यावर एके रात्री उशिरा लॅब्राडोर जिन्याने वर येतो. मालक परगावी, त्याला पत्ताच नाही. मग सोसायटीच्या ग्रुपवर पहिली तक्रार पडते, मालकाचा फोन येतो आणि घर खाली करायला सांगितलं जातं. पुढचा मालकही ‘नो पेट्स’च म्हणतो. शेवटी कुत्रा ‘गावी शेतावर दिला’ असं शेजाऱ्यांना सांगितलं जातं. टेकड्यांच्या पायथ्याशी गळ्यात पट्टा असलेली, हाकेसरशी धावत येणारी कुत्री दिसतात ना? ती काही तिथे जन्माला आलेली नसतात.

असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. आज तेवढ्यात दोघांचा चहा-वडापावही होत नाही. कायद्याचा धाक नाही म्हणून तर आधीच बोलून घ्यायचं.

सोसायटीवाल्यांसाठी थोडक्यात: भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांना सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे बंदीचे नियम बेकायदा ठरवले. नोटीस बोर्डावरचा तो पिवळा पडलेला कागद काढा.

पण भाडेकरूंनो, लगेच टाळ्या वाजवू नका. या सूचना सोसायटीसाठी आहेत. मालकाने तुम्हाला लिव्ह अँड लायसन्सवर घर दिलंय, आणि ‘प्राणी ठेवणार नाही’ या अटीखाली सही तुमचीच आहे. या सूचनांचा फॉरवर्ड त्याला पाठवून काही साधणार नाही. करार बहुधा अकरा महिन्यांचा, कुत्रा जगतो बारा-तेरा वर्षं. म्हणजे हे बोलणं तुम्हाला पुन्हा पुन्हा करावं लागणार. ते झेपणार नसेल तर पिल्लू आणूच नका. लेकराच्या वाढदिवसाला तर मुळीच नको.

मालकांची भीती खोटी नाही, हेही कबूल करू. नवरा-बायको दोघं सकाळी हिंजवडीला जातात, कुत्रा दहा तास बाल्कनीत बांधलेला. तो भुंकतो, कारण दुसरं करणार काय? तिथेच मुततो. संध्याकाळी वरून बादलीभर पाणी ओतलं, की बाल्कनीच्या पाइपातून ते खालच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर. मग काकूंनी आरडाओरडा केला की त्या ‘प्राणीद्वेष्ट्या’! नाही हो, त्यांचं उन्हाळ्याचं काम नासलं. सकाळ-संध्याकाळ फिरवणं, पट्टा, घाण स्वतःच्या हाताने पिशवीत उचलणं, दरवर्षी रेबीजची लस, महापालिकेचा परवाना: यात उपकार कसले? मांजरवाल्यांनी खिडक्यांना जाळी बसवावी. मांजर पडलं तर पायांवरच पडतं या भरवशावर राहू नये. वरच्या मजल्यावरून पडून जबडे आणि पाय मोडतात. घर सोडताना पेस्ट कंट्रोलही तुमच्या खर्चाने, नाहीतर पुढच्या भाडेकरूला गोचिडांचा वारसा.

आणि मालकांनो, सरसकट नकाराने तुमच्या घरात कुत्रा यायचा थांबला का? तो चोरून आला, एवढंच. चोरून ठेवलेला कुत्रा दिवसा बाहेर काढता येत नाही. तो दाराला नखं मारतो, घरातच घाण करतो. ज्याची तुम्हाला धास्ती, तेच तुम्ही ओढवून घेता. त्यापेक्षा लसीकरणाचं पुस्तक मागा, कुत्रा समोर आणायला सांगा. आधीच्या शेजाऱ्याला एक फोन करा. ओळखीच्या दाखल्यापेक्षा तिथे जास्त कळतं. घर ताब्यात देताना दारं-भिंतींचे फोटो दोघांनी काढून ठेवा. दाराला ओरखडे आले तर त्या दाराच्या पॉलिशचे पैसे जरूर कापा, पण त्या नावाखाली अख्ख्या घराचा रंग डिपॉझिटमधून काढू नका. हा प्रकार कुत्रा नसलेल्यांच्याही ओळखीचा आहे.

एजंटांनी छापील मसुद्यातली ‘नो पेट्स’ची ओळ न विचारता टाकणं थांबवावं. त्याऐवजी दोघांचं जमत असेल तर हे लिहा:

‘सदर जागेत लायसन्सी एक कुत्रा / मांजर ठेवील. त्याचे लसीकरण व परवाना चालू ठेवण्याची जबाबदारी लायसन्सीची राहील. प्राण्यामुळे झालेल्या प्रत्यक्ष नुकसानीचा खर्च, फोटो व बिल पाहून, डिपॉझिटमधून वळता होईल.’

करार नोंदवण्याआधीच ही ओळ मसुद्यात घाला. नंतर तोंडी ‘चालेल हो’ म्हटलेलं कुणाला आठवत नाही. नोंदलेल्या कराराची एक प्रत सोसायटीच्या ऑफिसात द्या.

— कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागातले काही भाडेकरू आणि दोन घरमालक