रविवारीं बंद असणारें उपाहारगृह

आमच्या वडील भगिनी आक्का यांचें वय ब्याऐंशी. गेल्या आश्विनांत आम्ही सपत्नीक अमेरिकेंत अटलांटा शहरीं चिरंजीवांकडे होतों, तेव्हां वाईचें घर त्यांच्या स्वाधीन होतें. आणि रोज तिन्हीसांजेला, म्हणजे तेथल्या सकाळीं, दूरध्वनीवरून त्या नातवंडांची उलटतपासणी घेत. एका शनिवारीं त्यांनीं नातवास विचारिलें, "काल रात्रीं कोठें जेवलास रे?" नातू पंधरा वर्षांचा असून शाळेच्या बँडपथकांत ट्रंपेट वाजवितो. शुक्रवारचा सामना आटोपला म्हणजे सारें पथक एका ठराविक ठिकाणीं खावयास जातें. त्यानें सरळ सांगितलें, "चिक-फिल-ए मध्यें, आत्याआजी. मी फक्त बटाटे खाल्ले." येथवर सर्व ठीक होतें. परंतु मुलाला माहिती पुरविण्याची हौस फार. त्यानें पुढें पुस्ती जोडली कीं, त्या उपाहारगृहाचे मालक मोठे धार्मिक ख्रिस्ती असून, रविवार हा देवाचा वार म्हणून त्या दिवशीं ते दुकानें उघडीत नाहींत.

पलीकडे शांतता पसरली. मग "आजोबांना दे" एवढेंच शब्द ऐकूं आले. यंत्र आमच्या हातीं येतांच आक्का म्हणाल्या, "बाळ, कोंबडीशेजारीं बसून खाल्लें, तें मी एक वेळ सोसेन. पण मिशनऱ्यांचें अन्न पोराच्या पोटांत? आपल्या घरांत हें कधीं झालें नाहीं."

गंमत अशी कीं, त्याच दिवशीं कॉलेजांतून घरीं आलेली आमची नात हें ऐकून म्हणाली, "आजोबा, मीहि तेथें पाऊल टाकीत नाहीं." तिचें कारण अर्थात् निराळें, त्याकडे आम्ही पुढें वळूं. चिरंजीव व्यवहारी. त्यांनीं तोड सुचविली कीं, यापुढें नातवानें आक्कांना दुसऱ्या एखाद्या दुकानाचें नांव सांगावें, म्हणजे वाद मिटला. आम्हांला मात्र ही तोड मूळ दुखण्यापेक्षां वाईट वाटली. मुलगा खरें बोलला म्हणून एवढा प्रसंग उद्भवला. आतां त्याला खोटें बोलावयास आपणच शिकवावयाचें काय? तेव्हां प्रथम तें स्थळ डोळ्यांनीं पाहावें असें ठरवून, पुढच्या गुरुवारीं नातवास घेऊन आम्ही तेथें गेलों.

ही मंडळी कोण, हें वाचकांस थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ट्रुएट कॅथी नांवाच्या गृहस्थानें १९४६ सालीं भावाच्या भागीदारींत अटलांट्याजवळील हेपव्हिल गांवीं एक चिमुकलें खाद्यगृह काढलें. तें रात्रंदिवस चाले. परंतु रविवारीं मात्र बंद. १९६७ सालीं 'चिक-फिल-ए' या नांवाचें पहिलें दुकान निघालें. आज त्यांची संख्या तीन हजारांच्या वर आहे, आणि रविवारचा नेम अद्याप सुटलेला नाहीं. सुटीचा दिवस म्हणजे खाण्याच्या धंद्याला सुगीचा दिवस. त्या दिवशींच्या गल्ल्यावर पाणी सोडणें ही लहान गोष्ट नव्हे. (आमच्या पुण्याचे मिठाईवाले वर्षानुवर्षें दुपारीं एक ते चार दुकान बंद ठेवीत, पण तो नेम देवासाठीं होता असें कोणी म्हटल्याचें स्मरत नाहीं.) १९८२ सालीं धंदा ओढग्रस्तींत असतां या मंडळींनीं संस्थेचा हेतु कागदावर लिहून ठेविला, त्यांत पहिला शब्द ईश्वराच्या गौरवाचा आहे. कॅथी २०१४ सालीं, वयाच्या ९३ व्या वर्षीं निवर्तले. मालकी कुटुंबाकडेच राहिली.

आंत शिरतांना आमच्या मनांत क्रूस, बायबल, कदाचित् एखादें लहानसें प्रवचन, असें कांहीं चित्र होतें. तेथें यांतलें कांहींहि नव्हतें. मंद वाद्यसंगीत चाललें होतें. नातू म्हणाला, हीं त्यांचीं भक्तिगीतेंच, शब्द तेवढे काढून टाकलेलीं. आभार मानले कीं नोकरवर्ग 'हा तर माझाच आनंद' अशा अर्थाचें उत्तर देतो; ती तेथील रीतच आहे. बटाटे जाळीदार कापून कॅनोला म्हणजे मोहरीच्या कुळांतल्या एका बियांच्या तेलांत तळतात, आणि कोंबडी शेंगदाण्याच्या तेलांत तळतात. तेलें दोन, तेव्हां कढयाहि दोन, एवढी खात्री करून घेऊन आम्हीं बटाटे मागविले. खरी अडचण झाली ती वासाची. सबंध जन्म शाकाहारांत गेलेल्या माणसाला तो वास सोसत नाहीं, आणि सोसला असें म्हणणें ढोंग होईल. नातवाला त्याचें कांहींच नव्हतें.

दोन तुकडे तोंडांत टाकले असतील-नसतील, तोंच शेजारच्या मेजावर एक कुटुंब येऊन बसलें. आईबाप आणि तीन मुलें. सर्वांनीं एकमेकांचे हात धरले, माना खालीं घातल्या, बापानें हलक्या आवाजांत चार शब्द उच्चारले, आणि मग धाकट्यानेंहि खाण्यास हात लाविला. नातवानें विचारिलें, "आपल्यांत असें कांहीं असतें का?" आम्हीं त्याला आपोशन आणि चित्राहुति यांविषयीं सांगितलें, ताटाभोंवतीं पाणी फिरवून भाताचीं शितें कां ठेवतात, तें सांगितलें. तो म्हणाला, "मग तुम्ही कां करीत नाहीं?" चाळीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसाला याचें उत्तर देतां आलें नाहीं. शाळेच्या घंटेच्या घाईंत तें कधीं सुटलें हेंहि आठवेना.

आक्कांची धास्ती आजची नाहीं, हें येथें सांगणें न्यायाचें आहे. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, टिळकहि होते. हा बेत जमविणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पति. पुढें नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं आणि एका पेल्यानें पुणें ढवळून निघालें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. रानड्यांनीं १८९२ त प्रायश्चित्त घेतलें, तेव्हां त्यांचेच सुधारक मित्र हळहळले. याच्या आधीं कांहीं वर्षें, १८८३ पासून, आनंदीबाई स्वतः अमेरिकेंत न्यू जर्सीमध्यें कार्पेंटर या ख्रिस्ती कुटुंबाच्या छपराखालीं मुलीसारख्या राहिल्या होत्या, आणि त्यांचा शाकाहार तेथें सुटला नव्हता! मिशनचा चहा त्या काळीं निव्वळ चहा नव्हता. त्यामागें धर्मांतराचें भय होतें, आणि तें भय अगदींच निराधार होतें असें म्हणवत नाहीं. परंतु अटलांट्याच्या त्या मुलीनें आमच्याकडून बटाट्यांचे पैसे घेतले, धर्म विचारला नाहीं.

शास्त्राचा आधार काढावयाचा तर तो दुधारी निघतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत कोणाचें अन्न खाऊं नये त्याची लांबच लांब यादी आहे. तींत वैद्य आहे, व्याजबट्टा करणारा आहे, सोनारहि आहे. आमचे जामात डॉक्टर आणि धाकटे बंधु बँकेंतून निवृत्त झालेले. यादी पाळूं गेल्यास दिवाळसण बंद करावा लागेल. तिच्यापेक्षां आम्हांला छांदोग्यांतील उषस्ति चाक्रायणाची कथा जवळची वाटते. कुरुदेशांत पीक बुडालें, उषस्ति उपाशी. एका हत्तीवाल्याकडे त्यानें अन्न मागितलें, तर त्याच्यापाशीं स्वतः खात असलेले उष्टे उडीदच होते. उषस्तीनें ते खाल्ले. पाणी पुढें केलें तें मात्र नाकारलें, कारण तें उष्टें. मग उडीद उष्टे नव्हते काय, असें विचारतांच तो म्हणाला कीं, ते न खातां मी जगलों नसतों. पाणी मला हवें तेथें मिळेल.

पण आक्का विचारणार, आणि बरोबरच विचारणार, कीं नातवावर असा कोणता दुष्काळ कोसळला होता? कोसळला नव्हता. आपद्धर्माची पळवाट त्याला उघडी नाहीं, आणि आम्ही ती त्याच्यासाठीं उघडूं इच्छीत नाहीं. आपद्धर्म त्या दुकानवाल्यांनींच पाळला आहे. २०१६ च्या जूनमध्यें ऑर्लंडो शहरीं एका रात्रीच्या नृत्यगृहांत गोळीबार होऊन ४९ माणसें मारलीं गेलीं. तो रविवार होता. तरी तेथील दुकानांतल्या मंडळींनीं चुली पेटवून रक्तदात्यांना अन्न पोंचविलें. तें नृत्यगृह समलिंगी स्त्रीपुरुषांचें होतें, हें येथें मुद्दाम सांगावयास हवें. २०१७ च्या डिसेंबरांत अटलांट्याच्या विमानतळाची वीज गेली, तोहि रविवार, आणि अडकलेल्या उतारूंसाठीं नेम मोडला गेला.

आतां नातीचें कारण. २०१२ सालीं कॅथींचे चिरंजीव डॅन यांनीं समलिंगी विवाहाविरुद्ध उघड मत दिलें, आणि कुटुंबाच्या दानधर्मांतला पैसा त्या विवाहांस विरोध करणाऱ्या संस्थांना जातो हेंहि बाहेर आलें. एका बाजूनें बहिष्कार पुकारला गेला. दुसऱ्या बाजूनें १ ऑगस्ट २०१२ रोजीं दुकानांपुढें पाठिंबा देणाऱ्यांच्या रांगा लागल्या. २०१९ सालीं संस्थेनें जाहीर केलें कीं पुढील दान शिक्षण, भूक आणि बेघर माणसें यांच्यासाठीं. त्यावर जुने पाठीराखेहि रुसले. नातीची जिवलग मैत्रीण तशी आहे. गेल्या दिवाळींत ती मुलगी चिरंजीवांच्या घरीं आमच्या पंक्तीस बसून करंज्या खाऊन गेली. नात म्हणाली, "माझ्या पैशाचा एक सेंटहि तिच्याविरुद्ध गेलेला मला चालणार नाहीं." आम्हां जुन्या माणसांना हे विषय अवघड जातात. तरी आम्ही स्पष्ट सांगतों कीं, तिचें म्हणणें आम्हांस आक्कांच्या म्हणण्याहून जड वाटलें. आक्का विचारतात, अन्नाला हात कोणाचा लागला. नात विचारते, त्या अन्नाच्या पैशानें कोणाला इजा झाली. मात्र भावानें तेथें बटाटे खाल्ले म्हणून त्याच्याशीं दोन दिवस अबोला धरणें, ही जुन्या पुण्याचीच रीत झाली, हेंहि आम्हीं तिला ऐकविलें.

राहतां राहिलें तेल. २००१ सालीं सिअ‍ॅटल येथें मॅकडोनल्ड्सवर हिंदूंनीं फिर्याद केली ती यासाठींच. वनस्पतीच्या तेलांत तळलेल्या म्हणून ज्या बटाट्यांची ख्याति, त्यांत गोमांसाचा अर्क स्वादासाठीं घातला जात होता, आणि शाकाहारी लोक तो वर्षानुवर्षें निःशंक खात आले होते. ठाण्यांतहि तेव्हां मोठा क्षोभ झाला. २००२ सालीं त्या संस्थेनें क्षमा मागून १ कोटी डॉलर देण्याचें मान्य केलें. तेथें मालकाचा धर्म कोणीच विचारला नव्हता. आणि विचारला असता तरी बटाट्यांत काय आहे तें कळलें नसतें.

शनिवारीं आम्हींच आक्कांना सर्व सांगितलें: वास, संगीत, तेलें, शेजारचें कुटुंब आणि नातवाचा प्रश्न. नातवाला शुक्रवारीं जाण्यास आमची परवानगी आहे हेंहि सांगितलें. बराच वेळ त्या बोलल्या नाहींत.

"रविवारचें नुकसान सोसतात म्हणालास ना?"

"होय, आक्का."

"मला पसंत नाहीं, हें लक्षांत ठेव. आणि तुझें काय? त्या लोकांनीं हात जोडले तेव्हां तूं काय करीत होतास?"

"खात होतों."

"दे पोराला."

त्यांनीं नातवास काय सांगितलें तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं. परंतु त्या रात्रीं सूनबाईंनीं पानें वाढलीं, तेव्हां तो पाण्याचें भांडें घेऊन आमच्या पानाशीं उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, आधीं उजवीकडून फिरवायचें कीं डावीकडून?"