विश्लेषण : स्पोर्ट्स कारची चाके मोठी झाली, गाडी चांगली झाली का?

मॅकलारेन एफ-वन या मोटारीने १९९८ मध्ये जर्मनीतील एका चाचणी-मार्गावर ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. रस्त्यावर चालवता येणाऱ्या मोटारींमध्ये तो तेव्हाचा विक्रम होता. या मोटारीची चाके होती १७ इंची. आज आपल्याकडे मध्यम आकाराच्या एसयूव्हीच्या वरच्या व्हेरिएंटलाही १७-१८ इंची चाके असतात. पोर्शे ९११ च्या मागच्या चाकांनी तर २१ इंच गाठले आहेत. हीच ९११ साठच्या दशकात बाजारात आली तेव्हा १५ इंची चाकांवर धावत होती.

वेग वाढला, ब्रेक मोठे झाले, म्हणून चाके वाढली, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले उत्तर शोरूममध्ये सापडते. मोठ्या चाकाने फेंडरखालची पोकळी भरून निघते, टायरची काळी पट्टी बारीक होते आणि गाडी जमिनीला चिकटल्यासारखी दिसते. या देखणेपणाचे पैसे कंपन्यांनी घ्यावेत, त्याला हरकत नाही. हरकत आहे ती त्यासोबत गळ्यात मारल्या जाणाऱ्या समजुतीला, की चाक जितके मोठे तितकी वळणावर पकड जास्त. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत गाडी चालवणाराच मोजतो.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

टायरच्या कडेवर ‘२९५/३५ आर २०’ असे काहीतरी छापलेले असते. २९५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ३५ म्हणजे टायरच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची. पण ती मिलिमीटरमध्ये नाही, तर रुंदीच्या ३५ टक्के. आणि २० हा रिमचा व्यास, इंचांमध्ये. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी शिजवणाऱ्या उद्योगाने ग्राहकाला काही समजावे अशी सोय ठेवलेलीच नाही.

आता ९११ च्याच दोन आवृत्त्या घेऊ. ‘९९२’ या पिढीतील साध्या कॅरेराच्या मागच्या चाकांना २९५/३५ आर २० टायर येतात, तर अधिक ताकदीच्या कॅरेरा एसला ३०५/३० आर २१. गणित केले तर टायरसकट पूर्ण चाकाचा व्यास पहिल्यात सुमारे ७१५ मिलिमीटर आणि दुसऱ्यात ७१६ मिलिमीटर येतो. म्हणजे चाक बाहेरून जवळजवळ तेवढेच राहिले. वाढली ती फक्त आतली धातूची रिम, आणि तिला जागा देण्यासाठी रबराची भिंत १०३ मिलिमीटरवरून साडेएक्याण्णववर आली. ‘मोठे चाक’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असते. धातू वाढतो आणि रबर, त्याच्या पोटातल्या हवेसह, कमी होते. पहिल्या ९११ च्या १६५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला १३० मिलिमीटरच्या आसपास भिंत होती, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भिंत कमी झाली की काय होते?

आपण सस्पेन्शन म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर येतात. पण रस्त्याचा धक्का त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी टायरला लागतो. आतली हवा दबते, भिंत वाकते आणि बारीकसारीक खडबड तिथेच जिरते. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे. स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर खोल खड्डा, उंचवटा, झोल सांभाळतात. सिमेंटच्या रस्त्यावरचे सांधे, उखडलेली खडी, मॅनहोलची झाकणे यांचा कडकडाट मुख्यत्वे टायरने गिळायचा असतो. भिंत आखूड झाली की तो कडकडाट थेट स्टिअरिंगवर आणि पाठीत येतो.

चालकाला आराम मिळाला नाही तरी चालेल, स्पोर्ट्स कारच ती, असे कोणी म्हणेल. पण इथे प्रश्न आरामापुरता नाही. पकड असते ती टायर रस्त्याला टेकलेला असेपर्यंतच. चारही टायरचा रस्त्याशी असलेला स्पर्श एकत्र केला तरी जेमतेम चार तळहातांएवढी जागा होते, आणि दीड टनाची मोटार तेवढ्यावर वळते. वळणाच्या मधोमध रस्ता खडबडीत असला तर कडक चाक उसळते. ते हवेत असते त्या क्षणार्धात पकड शून्य असते. थोडे मऊ चाक त्याच जागी रस्ता धरून राहते. त्यामुळे गुळगुळीत ट्रॅकवर जिंकणारी मोठ्या चाकांची गाडी घाटरस्त्यावर, तेवढ्याच ताकदीच्या पण लहान चाकांच्या गाडीपुढे अडखळू शकते.

दुसरी गोष्ट वजनाची. चाक, टायर, ब्रेक हे सगळे स्प्रिंगच्या खालचे वजन. ते जितके जास्त, तितके चाकाला वर-खाली होऊन रस्त्याचा माग काढणे जड जाते. शिवाय रिम मोठी झाली की तिचा धातू मध्यापासून लांब जातो. गोफणीची दोरी लांब केली की तोच दगड फिरवायला जास्त जोर लागतो, तसेच हे. प्रत्येक वेळी वेग घेताना इंजिनाने आणि थांबताना ब्रेकने हा जास्तीचा जोर लावायचा. हलक्या, फोर्ज्ड रिम्स घेऊन हे नुकसान भरून काढता येते, पण त्यांची किंमत ऐकून बहुतेक जण साध्या ओतीव अलॉयकडे वळतात. त्या जड असतात.

मग फायदा काहीच नाही का?

आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. उंच भिंत वळताना आडवी मुडपते. स्टिअरिंग फिरवले आणि गाडीने वळायला सुरुवात केली, यांत एक छोटी ढिलाई राहते. आखूड भिंतीत ती जवळपास संपते. गाडी सांगितल्याक्षणी वळते. दुसरे कारण ब्रेकचे. मॅकलारेन एफ-वनच्या पुढच्या ब्रेक डिस्क ३३२ मिलिमीटरच्या होत्या, त्या १७ इंची रिममध्ये आरामात बसल्या. आजच्या ९११ जीटी३ च्या पुढच्या डिस्क ४०८ मिलिमीटरच्या आहेत. १७ इंच म्हणजे सुमारे ४३२ मिलिमीटर. त्यात अशी डिस्क आणि तिच्यावरचा कॅलिपर मावणारच नाही. तिथे २० इंची चाक ही गरज आहे, नखरा नव्हे.

पण चटकन वळण्याच्या या गुणाला दुसरी बाजू आहे. उंच भिंतीचा टायर पकड सोडण्याआधी सांगतो. तो हळूहळू सरकू लागतो, स्टिअरिंग हलके पडते, चालकाला सावरायला वेळ मिळतो. रुंद, आखूड भिंतीचा टायर बराच वेळ घट्ट धरून ठेवतो आणि मग बऱ्याचदा एकदम सोडतो. कसलेल्या रेसरला हे चालते. रविवारी सकाळी लोणावळ्याला नाश्त्याला निघालेल्यांना ते चालेलच असे नाही.

टोयोटाने २०१२ मध्ये आणलेली जीटी८६ ही याच विचारातून जन्मली. मागची चाके फिरवणारी, २०० अश्वशक्तीची ही स्पोर्ट्स कार तिच्या टायरमुळे चर्चेत आली. २१५/४५ आर १७ या आकाराचे, माफक पकडीचे टायर तिला मुद्दाम दिले होते. प्रियस या हायब्रिड मोटारीच्या काही आवृत्त्यांना मिळत तेच. काहींनी नाके मुरडली. पण हेतू स्पष्ट होता. गाडीची मर्यादा कुठे आहे हे तुरुंगात जाण्याइतका वेग न गाठताही चालकाला कळावे, मागचा भाग थोडा सरकावा आणि सहज सावरता यावा. गाडी चालवण्यातला आनंद पकडीच्या आकड्यात नसून त्या संवादात आहे, असे मानणाऱ्यांना ती गाडी आजही प्रिय आहे. मीही त्यांच्याच बाजूचा.

फॉर्म्युला वनने तर मोठी चाके घेतली!

घेतली, २०२२ पासून तिथे १३ ऐवजी १८ इंची चाके आली. ग्रेटर नॉयडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या तीन वर्षांत भारतीयांनी जी एफ-वन पाहिली, ती १३ इंचीच होती. जगातील सर्वांत वेगवान रेसिंग कार्स कित्येक दशके आपल्या हॅचबॅकपेक्षाही लहान रिमवर धावल्या. त्यांच्या टायरची भिंत १७० मिलिमीटर उंच होती, आणि सस्पेन्शनचे बरेचसे काम प्रत्यक्षात तीच करत होती. बदलामागे रस्त्यावरच्या मोटारींशी नाते दिसावे, हा एक उघड हेतू होता. तांत्रिक फायदेही झाले. मुडपणाऱ्या भिंतीमुळे हवेचा प्रवाह सतत बदलायचा, तो त्रास कमी झाला.

नवी भिंत सुमारे १३१ मिलिमीटरची झाली. गाडीचे किमान वजन २०२१ मध्ये ७५२ किलो होते, ते २०२२ मध्ये ७९८ किलो झाले. या वाढीत मोठ्या चाकांचा आणि टायरचा वाटा होता. त्याच वर्षी गाड्या सरळ रस्त्यावर बेडकासारख्या उसळू लागल्या. बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून उतरला, ते दृश्य जगाने पाहिले. उसळीचे मूळ कारण गाडीच्या तळाखालून हवा खेचण्याची नवी रचना हे होते, चाके नव्हेत. पण तो धक्का जिरवायला पूर्वीची उंच, मऊ भिंतही आता उरली नव्हती.

या वादात सर्वांत नि:संदिग्ध साक्ष मात्र रॅलीची आहे. जागतिक रॅली स्पर्धेत एकच मोटार डांबरी रस्त्यावर १८ इंची चाकांवर धावते आणि कच्च्या, खडीच्या रस्त्यावर १५ इंची चाकांवर, उंच भिंतीच्या टायरवर. इंजिन तेच, चालक तोच. चाक बदलते ते रस्ता पाहून, कारण तिथे घड्याळ लागलेले असते. दिसण्याला गुण नसतात.

आपल्या रस्त्यांवर काय करावे?

सागरी किनारा मार्ग किंवा समृद्धी महामार्ग सोडला तर आपले बहुतेक रस्ते, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, डांबरी रॅलीपेक्षा खडीच्या रॅलीला जवळचे आहेत. खड्ड्याच्या धारदार कडेवर आखूड भिंतीचा टायर आदळला की रिम आणि कड यांच्यामध्ये रबर चिमटले जाते. आतले धागे तुटतात आणि भिंतीवर फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो; एक्स्प्रेस-वेवर तो कधी फुटेल सांगता येत नाही. रिम वाकली तर स्टिअरिंग थरथरते, ते वेगळेच. रुंद टायरला पाणी बाजूला सारायलाही जास्त वेळ लागतो, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो.

ज्यांच्याकडे ९११ नाही (म्हणजे आपण जवळजवळ सगळेच), त्यांच्यासाठी हा विषय दूरचा नाही. हॅचबॅक घेऊन आठवड्याच्या आत अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात जाऊन दोन इंच मोठे अलॉय चढवणारे तरुण प्रत्येक शहरात दिसतात. गाडी ‘स्पोर्टी’ करायची असते. कारखान्यातून मोठी चाके येतात तेव्हा निदान स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर, स्टिअरिंग त्यांच्याशी जुळवलेले असतात. दुकानात फक्त चाक बदलते. रिमचा ऑफसेट चुकला की चाक बाहेर येते, ब्रेक मारताना स्टिअरिंग एका बाजूला ओढते, बेअरिंगवर ताण येतो. बाहेरचा व्यास वाढला तर स्पीडोमीटर प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी दाखवू लागतो.

खरोखर चांगली वळणारी गाडी हवी असेल तर माझे मत असे, की ब्रेक मावतील इतके लहान चाक ठेवावे आणि वाचलेले पैसे त्याच मापाच्या उत्तम प्रतीच्या टायरवर खर्च करावेत. पकड रबराच्या मिश्रणातून येते, रिमच्या इंचांतून नाही. नवी स्पोर्ट्स कार घेताना एकाच मॉडेलला दोन मापांची चाके मिळत असतील तर दोन्हीवर चालवून पाहावे, आणि तेही शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नव्हे. आपण रोज जातो त्या रस्त्यावर नेण्याचा आग्रह धरावा. आधीच घेतलेल्या गाडीसाठी चालकाच्या दाराची चौकट बघावी. तिथे चिकटवलेल्या पट्टीवर कंपनीने मान्य केलेली टायरची मापे आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. टायरवाल्याने पुढे केलेल्या मापाचा तिथे उल्लेख नसेल, तर सरळ नाही म्हणावे.